अकरा बायांचा एक डबा

माझी नात रंजीता सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करते. आयटीआय झालेली आहे. लहानपणी तिनं माझा रेडिओ उघडून परत जोडला तर तीन स्क्रू उरले, आणि रेडिओ आधीपेक्षा बरा वाजायला लागला. तेव्हापासून मी तिले काही शिकवायच्या भानगडीत पडली नाई.

धानात रानडुक्कर घुसलं की ओरडणारा डबा तिनं बनवला. डुक्कर जवळ आलं की डब्यातून बाई खेकसते. पण डुक्कर हुशार. एकच आवाज रोज ऐकला की त्याले सवय होते. म्हणून रंजीतानं गावातल्या अकरा बायांचे आवाज भरले. ज्या बाईचा आवाज, डब्याले तिचंच नाव. लोक दुकानात येऊन म्हणत, "मले कुंता द्या. कमळाले डुक्कर भीत नाई." हे ऐकून कमळा आठ दिवस दुकानासमोरून गेली नाई.

अशात मोबाईलवर डब्याचा व्हिडिओ पाहून पोर्तुगाल नावाच्या देशातून दोनशे डब्यांची मागणी आली. तिथंही म्हणे डुकरांनी पिकं खाल्ली. अट एकच. डब्यानं कोणाला झटका बसत नाही, शेजारच्या यंत्राला त्रास होत नाही, असं तपासणीचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि तेही दिवाळीच्या आत. नाहीतर मागणी रद्द.

रंजीतानं पुण्याच्या तपासणीवाल्यांचा फॉर्म भरला. त्यात 'मॉडेलचे नाव' असं होतं. हिनं इमानदारीनं अकराही बायांची नावं लिहिली. उत्तर आलं, एका मॉडेलचे दीड लाख. अकरांचे साडेसोळा लाख.

पोरीजवळ बचत गटाचे धरून एक लाख साठ हजार होते. ती कागदाकडे पाहून हसतच सुटली. "आजी, एवढ्यात तं डुकरायले बंगला बांधून देता येते!" हसता हसता डोळे भरले तिचे.

मी म्हटलं, "काऊन वं, डबा तं एकच आहे ना? आवाजच तं बदलते. लुगडं बदललं म्हणून बाई दुसरी होते का?"

रंजीतानं लगेच पुण्याला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, "आतले भाग सारखे असतील तर मॉडेल एकच, मॅडम. एकच डबा पाठवा. पण सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा पाठवा. तो पास झाला की बाकीचे त्यातच आले."

आता सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडते? अकराही बाया दुकानात हजर. रंजीता आवाज मोजायचं मीटर घेऊन बसली.

"मीच," कमळा म्हणाली.

"तुह्या आवाजानं तुहा नवरा उठत नाई, डुक्कर काय पळन!" अकरांतल्याच खुशबूनं टोला हाणला.

एकेक डबा वाजायला लागला. कुत्री पळाली. नागभीडची बस उभीच राहिली, कारण कंडक्टर आमच्या दारात उभा राहून आकडे विचारत होता. पहिली आली कुंता! ही बाई लग्नात नाव घेताना अशी पुटपुटली होती की नवऱ्यालेही ऐकू गेलं नाई.

कुंताचा डबा पुण्याले गेला. वीस दिवसांनी चिठ्ठी आली, तपासणीत पास! पण वापराच्या पुस्तिकेत डबा काय बोलतो ते लिहून द्या, मगच कागद मिळेल.

रंजीतानं विचारलं, "कुंताबाई, ओरडण्यात शब्दच समजत नाई. काय म्हटलं होतं तुम्ही?"

"म्हटलं, तुह्या सात पिढ्या चिखलात लोळोत!"

"अवं, डुकराले हा शाप आहे का आशीर्वाद?" मी म्हटलं.

"मले काय मालूम! पळते ना थो?"

हसून हसून माझ्या कवळ्या बाहेर यायच्या राहिल्या. रंजीतानं शांतपणे लिहिलं, 'डबा प्राण्याला शेतातून निघून जाण्याची विनंती करतो.'

दिवाळीच्या नऊ दिवस आधी सर्टिफिकेट आलं. त्यावर मोठ्या अक्षरांत मॉडेलचं नाव, कुंता. कुंतानं ते तीनदा वाचून घेतलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि रंजीताले म्हणाली, "दीड लाख घेतले, अन् फोटो नाई लावला काऊन?"