तिथीची खीर

पितृपक्ष आला की मला अजूनही मळमळतं. प्रताप नगरातल्या एका वृद्धाश्रमाचा कारभार मी बरीच वर्षं पाहिला, आणि त्या पंधरवड्यात आमच्या आज्यांना अजीर्ण झालं नाही असं एकही वर्ष आठवत नाही. सकाळी एका घरची खीर, दुपारी दुसऱ्याची पुरणपोळी, संध्याकाळी तिसऱ्याचे वडे. साखरेचा आजार असलेल्यांनाही पंगतीला बसावंच लागे, कारण फोटो निघायचा. फोटोवाला येईपर्यंत वाढलेल्या ताटांवर माश्या बसत. पंधरवडा संपला की कुणी फिरकत नसे. मग आयांच्या पगारासाठी मी दारोदार हिंडायची.

अशातच एक आजी अंथरुणाला खिळल्या. त्यांना हवे होते डायपर आणि रात्रीची आया. इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी दरवर्षी आईच्या तिथीचं जेवण देत. त्यांना म्हटलं, यंदा खिरीऐवजी डायपर द्या.

"आईच्या तिथीले डायपर? मजाक करून राहिल्या का मॅडम? लोकं काय म्हणतील?"

खीरच आली. आजींच्या खोलीवरून जाताना शेठजींनी नाकाला रुमाल लावला आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या कानाला लागले. आठवड्याभरात समितीनं ठराव केला, खिळलेल्यांना ठेवायचं नाही, देणगीदार तुटतात. मी कडाकडा भांडले. "भावनेवर संस्था चालत नसते," अध्यक्ष काजूकतली चघळत म्हणाले. शिसारी आली मला त्या तोंडाची.

आजींना कळमेश्वरचा पुतण्या तेवढा होता. तो कपाळाला आठ्या घालून आला आणि काकूला घेऊन गेला. पुढे कळलं, अंथरुणातच पाठ सडून त्या गेल्या.

आणि वर्षश्राद्धाला हाच पुतण्या खिरीचं पातेलं घेऊन हजर! सोबत हार घातलेला काकूचा फोटो. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, फोटोवाला सरसावला, पंगत बसली.

"काकूले खीर लय आवडे," वाढता वाढता तो प्रत्येकीला सांगत होता.

काकूच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या आजींपाशी तो आला. त्यांनी वाटीवर हात आडवा धरला.

"तिले खीर नाही पाहिजे होती गा. कोरडं अंथरूण पाहिजे होतं."