सुमेध जिथे उभा होता

कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना जो ओलसर, किंचित कडवट धूर उठतो, त्या धुरातून खानदेशातला हिवाळा माझ्यापर्यंत येऊन पोचतो. धुळ्याला अक्काच्या घरामागच्या अंगणात त्या रविवारी असाच धूर दाटला होता. दिवाळी होऊन गेलेली, दुपारचे ऊन फिकट होऊन भिंतीच्या पायथ्याशी बसलेले, आणि भरिताची वांगी उलटीपालटी करणारी अक्का मध्येच हात थांबवून म्हणाली, "भाऊ, आपण दोघं दोन-तीन दिवस अहमदाबादला जाऊन येऊ. थंडीतच. तुझा कॅमेरा घे."

अक्का माझी थोरली बहीण. नगरपालिकेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिचा एकुलता एक मुलगा सुमेध नोकरीसाठी अहमदाबादला होता आणि दोन हिवाळ्यांपूर्वी तिथेच डेंग्यूच्या तापाने गेला. तेव्हा अक्काच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, तिला अंथरुणावरून उठता येत नव्हते. दाजी तिला सोडून निघू शकत नव्हते. म्हणून जळगावहून मी गेलो. तिथले ते दिवस मी काढले आणि त्याला घेऊन मीच परतलो. त्यामुळे ज्या शहरात तिचा मुलगा राहिला ते शहर अक्काने कधी पाहिलेच नव्हते, आणि मी जे पाहिले होते त्याला शहर म्हणता आले नसते. दवाखान्यातली एक लांब मार्गिका, फिनेलचा वास, आणि बाहेर पत्र्याच्या शेडखाली नातेवाइकांसाठी ठेवलेले सिमेंटचे बाक, इतकेच ते होते. त्या गावाचे नाव रेल्वेच्या फलाटावर पुकारले गेले तरी मी तोंड फिरवीत असे. पण धुराने की आणखी कशाने लाल झालेल्या तिच्या डोळ्यांकडे पाहून मला नाही म्हणवले नाही.

वांगी थंड व्हायला ठेवून तिने सुमेधचा फोन आणला. त्यात त्याने काढलेली छायाचित्रे होती, ती मी पूर्वीही पाहिली होती. त्याला माणसांचे फोटो काढण्याची ओढ नव्हती. नदीवरचे धुके, रस्त्याच्या कडेने खांबांना ताणून ठेवलेला पतंगाचा गुलाबी मांजा, जुन्या वस्तीतल्या, ज्यांना तिकडे पोळ म्हणतात त्या अरुंद गल्ल्या, आणि एका भिंतीपलीकडच्या चौकात विखुरलेल्या दाण्यांवर उतरलेली कबुतरे. अक्काची इच्छा साधी होती. त्याने जिथे जिथे उभे राहून हे टिपले तिथे तिथे, त्याच ऋतूत, जमल्यास त्याच उजेडात, तिला उभे राहायचे होते. आणि मी छायाचित्रणाचा नाद असलेला माणूस, म्हणून प्रवासाची आखणी मी करायची होती.

मग आमचे कितीतरी रविवार त्या आखणीत गेले. लोक थंडीतल्या सहलीला निघताना हॉटेले आणि खाण्याची ठिकाणे पाहतात. आम्ही सावल्या पाहत बसायचो. नकाशावर बोट ठेवून अक्का रस्त्यांच्या दिशा सांगायची, मी उजेडाचा रंग आणि तिरकसपणा यांवरून वेळेचा अंदाज बांधायचो. नदीच्या फोटोवरून मात्र आमचा वाद झाला. ती म्हणे संध्याकाळ, मी म्हणे सकाळ. "सकाळ कशी असेल?" ती हसून म्हणाली, आणि दोन वर्षांत सुमेधचे नाव निघाल्यावर ती हसल्याचे मला ते पहिलेच आठवते. "त्याला सकाळी उठवता उठवता माझा घसा बसायचा." पण त्याची खोली नदीच्या पश्चिमेला होती आणि फोटोत सूर्य होता पाण्यापलीकडे, जुन्या शहराच्या डोक्यावर. भूगोलाच्या शिक्षिकेला हे कळायला वेळ लागला नाही. तिने नकाशा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि नकाशावरच्या नदीकाठावरून हळूच बोट फिरवले. पहाटेच्या थंडीत एकटा चालत नदीवर जाणारा आपला मुलगा तिला त्या क्षणी प्रथम दिसला असावा. आपण ज्याला जन्म दिला, वाढवले, त्याच्या दिवसाची सुरुवात आपल्याला ठाऊकच नव्हती, हे दुःख मरणाच्या दुःखाहून निराळे असते. ते नंतर येते आणि हलक्या पावलांनी येते.

दाजी या सगळ्यात कुठेही नव्हते. ते एसटीच्या कार्यशाळेत आयुष्यभर इंजिने दुरुस्त करीत आलेले, उंच, अबोल गृहस्थ. आम्ही नकाशा पसरला की ते चप्पल घालून पांझरा नदीच्या बाजूला फिरायला निघून जायचे. एकदा मीच धीर करून विचारले, "दाजी, तुम्हीही चला ना."

"तठे काय शे आते?" ते म्हणाले. दारातच उभे होते, पाठमोरे. "तुम्हीं जा. मी नही येवाव."

तिथे आता काय आहे, मी येणार नाही, एवढे सांगून ते पायऱ्या उतरले.

जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही निघालो. मी जळगावहून सकाळच्या सुरत पॅसेंजरमध्ये बसलो; धुळ्याहून बसने येऊन अक्का दोंडाईच्याला चढणार होती. खिडकीबाहेर केळीच्या बागा दवाने काळपट दिसत होत्या, पुढे कापूस वेचून झालेली, नुसत्या काटक्यांची उदास शेते लागली. मनात सारखे येत होते की ती न येवो. गुडघा दुखावा, बस चुकावी, काहीही व्हावे. दोंडाईच्याच्या फलाटावर कुठल्याशा गोदामातून येणाऱ्या लाल मिरचीच्या खाटाने माणसे खोकत होती, आणि त्या गर्दीत अक्का शाल गुंडाळून उभी होती. शेजारी तिची पिशवी धरून दाजी. त्यांनी पिशवी आत दिली, माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, आणि गाडी सुटण्याआधीच वळून चालू लागले.

सुरतेला गाडी बदलून आम्ही अहमदाबादला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर गेलो. धुके होते, पण फोटोतल्यासारखे नव्हते. मळकट, जड, सूर्याला फार वेळ अडवून धरणारे. अक्का कठड्याला टेकून उभी राहिली. सूर्य आला तो पांढुरक्या डागासारखा. मी कॅमेऱ्याशी उगाच खटपट करीत होतो, कारण काहीतरी करीत राहणे मला आवश्यक होते. ती फक्त पाहत होती. धावायला आलेली तरुण मुले आमच्या मागून श्वास टाकीत जात होती, आणि प्रत्येक पावलांच्या आवाजाला तिची मान थोडी वळत होती.

मांज्याचा रस्ता सापडला. खांबांना ताणलेल्या दोऱ्यावरून गुलाबी लगद्याचा गोळा फिरवीत कारागीर मागेपुढे चालत होते, त्यांची बोटे चिंध्यांत गुंडाळलेली होती. हुबेहूब तेच दृश्य होते, आणि तरी ते पाहून अक्काचा चेहरा हलला नाही. दिवसभर हेच होत राहिले. जागा मिळत होत्या, उजेड बऱ्यापैकी जुळत होता, आणि तिला जे हवे होते ते मिळत नव्हते. संध्याकाळी लॉजच्या खोलीवर ती म्हणाली, "त्यांचं बरोबर होतं, भाऊ. इथे काही नाही." तिला खोटा धीर द्यावा असे माझ्यातही काही उरले नव्हते.

कबुतरांचा चौक तेवढा राहिला होता. सकाळी आम्ही त्या पोळमध्ये शिरलो. धुळ्याच्या सरळसोट, क्रमांक दिलेल्या गल्ल्यांत जन्म काढलेली अक्का त्या वळणावळणांच्या बोळांत पुन्हा पुन्हा थांबत होती. ती भिंत अखेर दिसली. तिचा निळा रंग, कोपऱ्यातला उडालेला गिलावा, सारे फोटोतले. अक्काने सुमेधचा फोन समोर धरला, आणि तिला भिंतच दिसली. वर थोडे आभाळ, आणि पलीकडून येणारा पंखांचा फडफडाट. दाणे नाहीत, चौक नाही, कबुतरेही नाहीत. तिने टाचा उंचावल्या. मी पुढे झालो, पण मीही तिच्यापेक्षा फारसा उंच नाही. मलाही कडेवरचे कौल तेवढे दिसले.

"हीच जागा आहे ना?" तिने विचारले.

"हीच आहे, अक्का."

"मग?"

मग आम्हा दोघांनाही एकदमच उमगले. सुमेध उंच होता. दाजींवर गेला होता. दारातून येताना मान झुकवायची त्याची सवय, लग्नकार्यात सर्वांमागे उभे राहूनही दिसणारे त्याचे डोके, हे सारे आम्ही दोन वर्षांत जणू विसरून गेलो होतो. कारण भिंतीवरच्या तसबिरीत माणसाला उंची नसते.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी ताटलीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. आमची धडपड ती पाहत असावी. काही न विचारता तिने आपल्याजवळचे लाकडी स्टूल पुढे सरकवले. शस्त्रक्रिया झालेला गुडघा सांभाळीत, माझ्या खांद्यावर भार देऊन अक्का त्यावर चढली. "संभाळजो, बेन," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

वर उभी राहून अक्का भिंतीपलीकडे पाहू लागली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि त्या हाताचा भार हळूहळू वाढत गेला. ती काय पाहत होती ते मला खालून दिसत नव्हते. तिने फोटोसाठी फोन वर धरला नाही, मीही कॅमेरा काढला नाही. पंखांचा एक मोठा झपाटा झाला, भिंतीवरून कबुतरांची रांग उडाली, आणि अक्का रडू लागली. सुमेध गेला त्या दिवशी मी तिला फोनवर ऐकले होते. पण हे रडणे तसे नव्हते. त्यात किंकाळी नव्हती. फार दूरवर चालून गेल्यावर घर दिसावे आणि त्याला कुलूप असावे, तसे ते थकलेले होते. म्हातारीने सोलायचे थांबवले, एवढेच. बोळातून जाणारा एक स्कूटरवाला थांबला आणि इंजिन बंद करून, गाडी ढकलत आमच्या बाजूने निघून गेला.

खाली उतरल्यावर तिने तोंड पुसले, म्हातारीला हात जोडले. बोळाच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "आता तू कुठे बसला होतास ते दाखव."

मला कळूनही मी म्हणालो, "कुठे?"

"त्या दिवसांत. दवाखान्याबाहेर."

"तिथे पाहण्यासारखं काही नाही, अक्का."

"असू दे. तेव्हा मी नव्हते ना तिथे. तू एकटाच होतास."

आमच्या आखणीत ही जागा नव्हती. रिक्षात बसल्यावर मी चालकाला दवाखान्याचे नाव सांगितले. पत्र्याची शेड तशीच होती, बाकही तेच. तिथे बसलेली माणसे मात्र वेगळी होती, आणि तरी त्यांच्या मांडीवरचे डबे, गुंडाळलेली घोंगडी, दर वेळी दार उघडले की एकाच वेळी वळणारी डोकी, यांत काही बदल झाला नव्हता. मी कडेचे बाक दाखवले. दोन वर्षांत मला कुणी विचारले नव्हते, की मी तिथे काय खाल्ले, कुठे झोपलो, आतून बोलावणे आले तेव्हा माझ्याबरोबर कोण होते. कुणी का विचारावे? ज्यांचा मुलगा गेला त्यांच्यापुढे मामाच्या दुःखाला कसली जागा! मीही ती कधी मागितली नव्हती.

"बस तिथे," अक्का म्हणाली.

मी बसलो. सिमेंट थंडगार होते. ती चार पावले मागे गेली, तिने सुमेधचा फोन समोर धरला, आणि माझा फोटो काढला. त्या फोनमध्ये दोन वर्षांत भर पडलेले ते पहिले चित्र. मग ती येऊन माझ्या शेजारी बसली, आणि मला जे कुणालाच सांगता आले नव्हते ते मी सांगत गेलो.

परतीच्या गाडीत ती बहुतेक वेळ डोळे मिटून होती. दोंडाईचा आले तेव्हा दाजी फलाटावर होते. त्यांनी पिशवी घेतली, अक्काचा दंड धरून तिला उतरवले. मला वाटले, आता दोघेही मुकाट चालू लागतील. पण ती उतरल्या जागीच थांबून त्यांना काहीतरी सांगू लागली. हात उंच करून, बहुधा भिंतीचे, किंवा पाण्यावरच्या धुक्याचे. दाजी खाली पाहत ऐकत होते. गाडी हलली. मी खिडकीतून वाकून पाहत राहिलो. दाजींनी पिशवी खाली ठेवली, मान वर केली आणि तिला काहीतरी विचारले. तिने उत्तर दिले. त्यांनी पुन्हा विचारले.

ते काय होते ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आले नाही. दोघे लहान होत गेले, मग मिरचीची पोती आड आली, आणि बाहेर पुन्हा ती रिकामी, काटक्यांची शेते सुरू झाली.