कडू केलेल्या साखरेच्या गोळ्या

मेंढरं विकून आम्ही बजाजनगरला आलो. बाप कंपनीत हमाली करायचा आणि घरी आला की कमरेचा पट्टा काढायचा. मायचा दात त्यानं पाडला, माझी पाठ फोडली. त्या भीतीनं माझा उजवा हात इतका थरथरायचा, की कॉलेजात पहिल्या वर्षी मी एक पेपर कोराच देऊन आले.

माय मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या, "हात चांगला आहे, भीती बसलीय. या नुसत्या साखरेच्या गोळ्या आहेत. तरी रोज ठरल्या वेळी घे. अशानंही गुण येतो."

बाहेर येताच माय म्हणाली, "सुई नाय, कडू नाय, कसलं औषध हे? कडू नसलं तर मेंढरालाबी गुण येत नाय." घरी तिनं त्या गोळ्या कडुलिंबाच्या रसात घोळून वाळवल्या.

आत साखर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज सकाळी ती गोळी चघळता चघळता हात शांत होत गेला.

शेवटच्या वर्षी पेपरच्या सकाळी बापानं मायच्या डोक्यात तवा घातला. कपाळावरून रक्त तिच्या डोळ्यांत ओघळलं. "तू लई शिकली का गं?" म्हणत तो माझ्यावर धावला. मी त्याचं मनगट धरून पिरगाळलं, तो गुडघ्यावर येईपर्यंत. माझा हात थरथरला नाही.

"मला शेजारीण नेईल दवाखान्यात," माय म्हणाली. "तू पेपरला जा."

मी तीन तास लिहिलं. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. बापानं पुन्हा आमच्यावर हात उचलला नाही.