अक्कांचं हँडल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. धुळ्यात ज्या मित्राच्या शेडमध्ये ती गाडी उभी आहे, त्यालाही नाही — तो समजतो, मी ती रीतसर विकत घेतली. घेतली, तेही खरंच. पण कशी घेतली, ते फक्त मला माहीत. आता तुम्हाला सांगतो. ऐकून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत तरी माझी तक्रार नाही.

जळगावात माझं गॅरेज आहे. बोनेट उघडायच्या आधी, नुसत्या आवाजावरून रोग सांगतो — ही फुशारकी नाही, सवय झालीय. भुसावळ, दीपनगर, कुठून कुठून माणसं जुनी गाडी घ्यायच्या आधी मला दाखवायला आणतात. का? तर हा माणूस गाडीबद्दल खोटं बोलत नाही. आणि खरंच नाही बोललो — एकदा सोडून. उद्या देतो म्हणून गिऱ्हाइकाला चार दिवस फिरवलं असेल, ते सगळेच करतात, त्याला कोण खोटं म्हणतं? पण गाडीच्या तब्येतीबद्दल एकदाच बोललो. ज्या बाईशी बोललो, तिच्याइतका विश्वास माझ्यावर कुणाचाच नव्हता.

त्या असोद्याच्या अक्का. केळीचा मोठा बाग असलेल्या नानांच्या बायको. नानांकडे एक गाडी होती — विलायती, दोनच सीटची, वरून उघडी, लाल, अगदी जमिनीला टेकलेली. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर आख्ख्या तालुक्याला कळेल कुणाची ते. बदली झालेल्या एका साहेबाकडून नानांनी ती हौसेनं घेतली होती. मी तेव्हा उस्तादाच्या हाताखाली होतो, बावीस-तेवीसचा. ती पहिल्यांदा आमच्या दारात आली, तेव्हा हातातला पाना खाली ठेवायचं विसरलो. नानांनी मला एक फेरी मारू दिली, मेहरूण तलावापर्यंत आणि परत. झालं! त्या दिवसापासून जीव जडला तो जडलाच. हसा, खुशाल हसा. माझं मलाही हसू येतं कधीकधी.

अक्का मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. सासरे हयात होते. सून उघड्या गाडीत बसणार आणि गाव बघणार? नाव काढायची सोय नव्हती. नाना म्हणायचे, थांब, एक दिवस तुला याच गाडीतून पारोळ्याला नेतो, तुझ्या माहेरी, भर बाजारातून. सासरे गेले तोवर गाडीचा क्लच चिकटून बाद झाला होता. सामान विलायतेहून यायचं होतं, ते काही आलं नाही. गाडी केळीच्या शेडमध्ये गेली, अंगावर ताडपत्री आली. मग नानाच गेले.

जाण्याआधी नानांनी अक्कांना एक काम शिकवून ठेवलं होतं. इंजिन पडून राहिलं की आतून गंज धरतं, आणि एकदा जाम झालं की संपलं. म्हणून वर्षातून एकदा चारही प्लग खोलायचे, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडायचं, आणि पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं. बस्स, एवढंच. गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही, ते तुझं काम नाही, असंही बजावलेलं. अक्कांनी त्याला खंडेनवमीचा मुहूर्त धरला. त्या दिवशी सगळे आपापल्या चालत्या गाड्यांना हार घालतात. अक्का शेडमध्ये जाऊन या न चालणाऱ्या गाडीला हळदकुंकू वाहायच्या, आणि मग पदर खोचून हँडल मारायच्या. बावीस वर्षं! ऑइल माझ्याकडचं. नवरात्र बसलं की औषधाची रिकामी बाटली घेऊन बसनं गॅरेजवर यायच्या. म्हणायच्या, "भरा भाऊ, पोर तहानलीय." मी भरून द्यायचो, चहा पाजायचो, परतीच्या बसमध्ये बसवून यायचो.

त्या बावीस वर्षांत एकच वर्ष चुकलं. नवरात्रातच नानांचे चुलतभाऊ वारले आणि घरात सुतक आलं. सुतकात पूजा नाही. पूजा नाही म्हणून अक्कांनी गाडीला हातही लावला नाही. मला हे माहीत होतं, कारण त्या वर्षी बाटली आली नाही. हे जरा लक्षात असू द्या.

नऊ वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, अक्का गॅरेजवर आल्या — बाटलीशिवाय. त्यांची लेक सुनंदा चाळीसगावला दिलेली. ती म्हणत होती, आई, गाडी विकून टाक, भाऊंना विचार काय किंमत येते. अक्कांनी हे सगळं सांगितलं आणि मग माहेरच्या बोलीवर आल्या. मनातलं बोलायचं असलं की त्या पारोळ्याच्याच व्हायच्या. "भाऊ, तुम्ही सांगशात ती किंमत. पन ती चालू व्हत व्हई, ते इकानी नही. मले एक डाव तिन्हामा बठीसन पारोळाले जानं शे."

कळलं ना? चालू होत असेल तर विकायची नाही. एकदा तिच्यात बसून माहेरी जायचं. सत्तरी उलटलेल्या बाईची एवढीच इच्छा, आणि ती माझ्या एका शब्दावर टांगलेली.

मी शेडमध्ये गेलो. ताडपत्री काढली. धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या सीटा, मागची चाकं गंजून जागच्या जागी बसलेली. तरी पत्रा शाबूत होता हो! अक्का चहा टाकायला घरात गेल्या. मी हँडल घातलं आणि जोर दिला. इंजिन फिरलं. कुठे अडलं नाही, खरखरलं नाही. चारही सिलिंडरचा दाब हाताला एकेक करून लागला. इतकी वर्षं पडलेलं इंजिन इतकं मोकळं मी ना त्याआधी पाहिलं, ना नंतर. ती करामत कुणाची होती? माझी नाही, उस्तादाची नाही. वर्षातून एकदा पदर खोचणाऱ्या त्या बाईची.

खरी किंमत मला त्याच क्षणी कळली. अशा गाडीसाठी पुण्या-मुंबईचे शौकीन काय मोजतात, ते मला माहीत होतं. पण पैशासाठी केलं म्हणालो, तर तेही खोटंच होईल. मला ती विकायची नव्हतीच. मला ती हवी होती. मीच उघडावी, मीच जोडावी, मीच चालू करावी — आणि माझी असावी. आणि खरं सांगितलं, तर ती अक्कांची राहणार होती.

अक्का चहा घेऊन येईपर्यंत मी काय केलं असेल? आत वाकलो आणि गिअरचा दांडा चौथ्यात टाकला.

गाडीतलं फारसं कळत नसेल तर सांगतो. चाकं गंजून बसलेली, क्लच चिकटलेला आणि गाडी गिअरमध्ये — मग पहिलवान आणला तरी हँडल हलत नाही. अक्कांना इंजिन फिरवणं ठाऊक होतं, गिअर ठाऊक नव्हता. त्या दांड्याला हात लावायचा नाही, असं नवरा सांगून गेला होता, आणि त्यांनी बावीस वर्षं लावला नव्हता.

"अक्का, इंजिन जाम आहे," मी म्हणालो. त्यांना खरं वाटेना. साहजिक आहे, त्यांचा हात त्या लोखंडाला ओळखत होता. मग मी स्वतःच म्हणालो, बघा तुम्ही फिरवून. त्यांनी कप खाली ठेवला, पदर खोचला, दोन्ही हातांनी जोर केला. हँडल हललं नाही. पुन्हा केला. मी बाजूला उभा राहून बघत होतो. चहा पीत होतो हो, चहा!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी चोर ठरलोच असतो. पण अजून आहे.

अक्का हँडल धरून तशाच वाकून राहिल्या. मग हळूच विचारलं, "भाऊ, त्या साले सुतक व्हतं. मी हात लावा नही. त्यामुयेच ना?"

नाही म्हणता आलं असतं. जुन्या इंजिनाचं काय सांगावं अक्का, होतं असं — एवढं म्हटलं असतं तरी गाडी मला मिळालीच असती. ती बाई तरी सुटली असती. पण तिनं आपणहून कारण हातात दिलं, आणि ते मला सोयीचं वाटलं. घट्ट बसणारं वाटलं. मी म्हणालो, "हो अक्का. एक वर्ष पुरे होतं."

त्यांनी हँडल काढलं, पदरानं पुसलं आणि घरात ठेवून आल्या. मग म्हणाल्या, भंगारवाल्याच्या हातात नका देऊ, तुम्हीच न्या. किंमत मी सांगेन ती. मी भंगाराची सांगितली.

टेम्पो आला त्या दिवशी अक्कांनी गाडीला हळदकुंकू लावलं, बोनेटवर चमचाभर दही ठेवलं — सासरी निघालेल्या लेकीच्या हातावर ठेवतात तसं. हात जोडले आणि म्हणाल्या, "माफ कर व माय." मी दोरखंड बांधत होतो. गाठ पक्की बसली का, ते दोनदा तपासून पाहिलं. बरोबर आठवतं.

गाडी जळगावात ठेवणं शक्यच नव्हतं. अक्कांच्या कानावर गेलं असतं. म्हणून धुळ्याला, मित्राच्या शेडमध्ये. एरंडोल, मग पारोळा, मग धुळे. ती पारोळ्याच्या भर बाजारातून गेलीच — ताडपत्रीखाली, टेम्पोत, आणि शेजारी मी.

सव्वा वर्ष लागलं. क्लचचं सामान परदेशातून मागवलं, ब्रेक नवे केले, दोन्ही कार्बोरेटर उघडून एकेक जेट फुंकून साफ केला. इंजिनाला मात्र पाना लावावा लागला नाही. ऑइल बदललं, पेट्रोल दिलं, तिसऱ्या खेपेला सुरू झालं. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला सांगू, मी डोळे पुसले. पाच मिनिटं चालू ठेवली आणि बंद केली, आणि त्या शांततेत पहिली आठवण अक्कांची आली. त्यानंतर ती गाडी मी शेडच्या आवाराबाहेर फार तर दहा वेळा काढली असेल. पारोळ्याच्या बाजूला तर एकदाही वळवली नाही.

गाडी नेली त्याच वर्षी नवरात्र बसल्यावर अक्का गॅरेजवर आल्या होत्या. सवयीनं आले म्हणाल्या. हातात ती औषधाची बाटली होती, स्वच्छ धुतलेली. ती माझ्या हातात देऊन म्हणाल्या, आता काय कामाची. मग विचारलं, सुट्या भागांसाठी कापली का हो तिला? मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

गेल्या चैत्रात अक्का गेल्या. त्याआधी पंधरा दिवस मी असोद्याला भेटायला गेलो होतो. खाटेवर होत्या, पण शुद्ध होती, नातीशी बोलत होत्या. मला बघून तिला म्हणाल्या, तुझ्या आजोबांनी एकच काम सांगितलं होतं, ते माझ्या हातून झालं नाही, विचार भाऊंना. नात माझ्याकडे बघायला लागली. घरात आणखी कुणी नव्हतं. धुळ्याहून गाडी आणायला फार तर तीन तास लागले असते. चार माणसांनी उचलून सीटवर बसवलं असतं, अंगणात नुसती चालू केली असती, आवाज तरी ऐकवला असता. मी काय केलं? अक्का, विसरा आता ते, असं म्हणालो. आणि निघालो.

तेराव्याला सुनंदा माझ्यापाशी आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. म्हणाली, आईनं हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. मी फडकं उघडलं. हँडल होतं. गाडी गेल्यावरही अक्का दर खंडेनवमीला त्याला ऑइलचा हात फिरवत आणि कुंकू लावत. सांध्यात अजून लाल राहिलेलं होतं.

सुनंदा म्हणाली, "आई म्हणायची, म्हाताऱ्या माणसाला सगळे गोड बोलून झुलवतात. एकट्या भाऊंनी मला तोंडावर खरं सांगितलं."

मी दोन्ही हातांनी हँडल घेतलं. पिशवीत घातलं. पंगतीत बसलो आणि जेवलो.