बदक वाजलं की थांबायचं

सुप्रिया, ये, जवळ बस बघू. आपले डॉक्टर सर गेले त्याला दीड महिना झाला. बातमी द्यायला फोन केलास, रडलीस, आणि मग फिरकली नाहीस. मोठी डॉक्टरीण झालीस तरी मी बोलणारच. पेपरच्या पुरवणीवाले म्हणतात, मावशी, सरांबद्दल लिहा. मला कुठं लिहिता येतंय... तुझ्याशी बोलते तसंच लिहितेय.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. माझी अन्ननलिका आकसलेली, चपातीचा घास छातीत अडकायचा. अधूनमधून भाईंदरला सरांकडे जाऊन, दुर्बीण घालून ती रुंद करून घ्यायची. तोंडात नळी असताना माणूस बोलणार कसं? म्हणून सरांनी रबराचं पिवळं बदक आणलेलं, पोरं आंघोळीला घेतात तसलं. ते माझ्या मुठीत द्यायचे. "नको वाटलं की दाबा मावशी. वाजलं की आम्ही थांबणार."

तू त्यांच्याकडे शिकायला आलीस. हात काय सफाईदार तुझा, नळी कधी गेली कळलं नाही. पण मध्येच कळ आली. मी बदक दाबलं, पुन्हा दाबलं. सरांकडच्या नर्स, त्या उत्तनच्या सिस्टर, म्हणाल्या, "डॉक्टर, वाजतंय." तू आपली "झालंच, झालंच" करत पुढं. नंतर सरांनी तुझ्यादेखत मला विचारलं, "हिला एकटीला करू द्यायचं का?" मी म्हटलं, "हात सोन्याचा आहे, पण कान घरी ठेवून आलीय." सर हसले नाहीत. तुला म्हणाले, "हात मी बघतो. बाकीचं मावशी आणि सिस्टर बघतात. अजून नाही." तू जिन्यात जाऊन बसलीस, हे कामच सोडते म्हणालीस...

पुढच्या खेपेला पुन्हा तूच. मला कसंतरी झालं, बदक नीट दाबताही येईना, नुसतं फुस्स झालं. तेवढ्यानं तू थांबलीस. "सिस्टर, तुम्हाला काय वाटतंय?" त्या म्हणाल्या, "मावशीला आज सोसत न्हाय." सर मागेच उभे राहून बघत होते. तू नळी काढलीस, माझं तोंड पुसलंस आणि खाली मान घालून म्हणालीस, "सर, आज नाही जमणार. परत बोलवूया." तुला वाटलं असणार, पुन्हा नापास. सर म्हणाले, "उद्यापासून तू एकटी कर." मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "अहो, माझं काम तर राहिलं की." तर म्हणतात कसे, "म्हणूनच, मावशी."

राहिलेलं काम नंतर तूच केलंस. आज मी चपाती खातेय ती तुम्हा दोघांच्या कृपेनं. सरांच्या मिसेसनी ते बदक मला आणून दिलं. रंग उडालाय, आवाज बसलाय, पण दाबलं की अजून बोलतं. ते माझ्या फळीवर काय करणार? तुझ्याकडे आता नवीन पोरं शिकायला येतात ना... या रविवारी ये. चपात्या करते, जेव, आणि बदक घेऊन जा.