चेंडू न पाहिलेले सासरे

व्हॉलीबॉलचा चेंडू कोणत्या रंगाचा असतो, हे माझ्या सासऱ्यांना उभ्या आयुष्यात कधी धड सांगता आलं नाही. आणि तरी त्यांच्याइतके सामने मैदानात उभं राहून पाहिलेला दुसरा माणूस आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडणार नाही. कारण साधं आहे. ते दुसरे पंच. पहिला पंच जाळ्याच्या एका टोकाला उंच स्टँडवर चढतो, चेंडू बघतो आणि टाळ्या-शिव्या दोन्हींचा धनी होतो. दुसरा समोरच्या खांबापाशी जमिनीवर. जाळ्याला कुणाचा हात लागला का आणि मधली रेषा ओलांडून कुणाचा पाय पलीकडे गेला का, एवढंच त्याने बघायचं. शाळेत खेळाचे मास्तर असताना स्टँडवर चढायचा आग्रह त्यांना पुष्कळदा झाला. पण ते म्हणायचे, "चेंडूकडे सगळं गाव बघतं हो. जाळ्याकडे बघायला एक तरी माणूस नको?" आणि खांबापाशी जाऊन उभे राहायचे.

या व्रतापायी त्यांच्या नजरेला दोनच जागा उरल्या होत्या, जाळ्याची वरची पट्टी आणि जमीन. मधला माणूस त्यांना दिसतच नसे. गावातल्या लोकांना ते चपलांवरून ओळखत. एकदा एसटी स्टँडवर त्यांचा बालमित्र नवे कोरे बूट घालून समोर येऊन उभा राहिला, तर हे त्याला बाजूला सारून गाडीत चढले. दुसऱ्या दिवशी तोच मित्र जुन्या वहाणा घालून आला, तेव्हा "अरे, होतास कुठे इतके दिवस?" म्हणून त्याला कडकडून भेटले. टीव्हीवर क्रिकेट लागलं की ते फक्त गोलंदाजाच्या पायाकडे बघत, आणि कोण जिंकलं ते सासूबाईंना विचारत.

माझ्या लग्नात तर कहरच झाला. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मुलीचा बाप कंबरेत वाकून अंतरपाटाखाली बघतोय! लोकांना वाटलं, बिचाऱ्याला भरून आलं. एवढ्यात कानाशी आवाज आला, "जावईबापू, उजवं पाऊल. पूर्ण पलीकडे गेलं तरच फाऊल, पण सांभाळा." मी पाऊल मागे घेतलं. मनात म्हटलं, आपलं कठीण आहे.

अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकावेत, याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलं. हे म्हणाले, "मे महिन्यातले सामने तोंडावर आलेत. माझ्या जागी कोण उभं राहणार?" मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात आणि वाडीवाडीतून सामने रंगतात, हे खरंच. पण घरात वेगळेच सामने चालले होते. सासूबाई एक दिवस मला म्हणाल्या, "काल खुंटीवरल्या रेनकोटालाच मी समजून हे केवढा वेळ त्याच्याशी गप्पा मारीत होते. वर म्हणतात, आज तू उलटून बोलली नाहीस, बरं वाटलं. आता काय करू सांगा!"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

मग नाटे गावाकडच्या एका सामन्यात ते घडलं. वारा सुटला होता. जाळं हललं आणि सासऱ्यांनी शिट्टी मारली. कुणाचाही हात लागला नव्हता, सगळ्यांनी पाहिलं होतं. खेळाडू एकमेकांकडे बघून गप्प बसले आणि गुण देऊन मोकळे झाले. परतताना रिक्षात ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी म्हणाले, "भांडले असते तर बरं झालं असतं हो. म्हातारा म्हणून सोडून दिलं मला." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवा. मी उभा राहतो, पण तुम्ही ऑपरेशन करून घ्या."

विमा कचेरीत टेबलाशी बसून आयुष्य काढणारा मी. पण त्यांनी अट घातली: वाडीतला शेवटचा सामना मी धड पार पाडला तर ऑपरेशन, नाहीतर पावसाळ्यानंतर बघू. डॉक्टर तर पावसाळा संपेपर्यंत थांबायलाच तयार नव्हते. म्हणजे सासऱ्यांचे डोळे आता माझ्या डोळ्यांवर अवलंबून होते.

शिक्षण घरापुढच्या खळ्यात सुरू झालं. दोन पोफळींना जुनं मासळीचं जाळं बांधलं. बायको आणि सासूबाई त्यावरून चेंडू फेकायच्या आणि मी चेंडूकडे बघायचं नाही. करून बघा! मान आपोआप वर जाते. मान गेली की मागून छत्रीची मूठ पाठीत. "कुठे बघताय?" "चेंडूकडे." "तो काय पळून जातोय? जाळं बघा." आंबे काढायच्या दिवसांत त्यांनी मला कलमाखाली उभं केलं. वर गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे काढतोय, आणि मी खालच्या फांदीवरून नजर हलवायची नाही. एक हापूस माझ्या खांद्यावर फुटला तरी मी हललो नाही. त्या दिवशी त्यांनी मला नवी शिट्टी दिली. "माझी नाही देणार," म्हणाले, "शिट्टी उसनी घेऊ नये."

शेवटच्या सामन्याला सगळी वाडी लोटली होती. सासरे माझ्या मागे खुर्चीत. त्यांना जाळं नुसतं धुरकट दिसत होतं, म्हणून कान देऊन बसले होते. निर्णायक सेट, दोन्ही बाजूंचे गुण सारखे. आमच्या वाडीचा मुंबईहून आलेला हुकमी खेळाडू उंच उडाला. चेंडू कुठे पडला मला माहीत नाही, पण सगळी वाडी ओरडत उठली, म्हणजे चांगल्या जागी पडला असणार. मी पट्टी बघत होतो. त्याचं कोपर पट्टीला लागलं होतं. मी शिट्टी मारली.

आणि मग जो गिल्ला झाला! "वारा हाय तो, वारा!" "आवो, घरचा जावई आनि घरच्यांवरच उलाटला!" "ह्याला चष्मा द्या रं कुनीतरी!" हुकमी खेळाडू तर थेट माझ्या अंगावर धावून आला. स्टँडवरच्या पंचांनी वरून विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. कोपर." त्यांनी गुण समोरच्यांना दिला. थोड्या वेळाने आमची वाडी हरली.

मी मान खाली घालून मागे वळलो, तर सासऱ्यांचा चेहरा फुललेला. "भांडले!" ते सासूबाईंना सांगत होते. "अगो ऐकलंस? केवढे भांडले त्याच्याशी!" मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जमलं तुम्हाला. आता डॉक्टरांना फोन लावा." मला एवढं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना ते दिसत नव्हतं हे बरंच झालं.

ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची छान झाली. सासऱ्यांना सासूबाई आता रेनकोटापासून वेगळ्या ओळखू येतात आणि रेनकोट उलटून बोलत नव्हता, अशी त्यांची तक्रारही सुरू झाली आहे. दिवाळीनंतर पहिला सामना होता. मी खांबापाशी उभा, आणि ते मागे सासूबाईंशेजारी, हातात शेंगांची पुडी, नुसते प्रेक्षक. खेळ सुरू झाला. कुणीतरी चेंडू जोरात वर उडवला असावा, कारण मागून लहान मुलासारखा आवाज आला, "अगो, केवढा उंच जातो तो! आणि पिवळा आहे की गो!"

वळून त्यांचा चेहरा एकदा बघावा असं फार वाटलं. पण चेंडू अजून खाली यायचा होता, आणि मला जाळ्याकडे बघायचं होतं.