टिबुकलीचं पिल्लू

गाडी छत्तीसगडमधल्या दुर्गला पोचली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. नाशिकहून निघताना बायकोने विचारलं होतं, "मासे धरायला इतक्या लांब?" मी म्हणालो, "धरायला नाही, पिल्लं बांधायला शिकायला." हरणाचे केस गळावर बांधायचे, कातरून त्यांचं पक्ष्याचं पिल्लू करायचं, ते पाण्यावर तरंगत सोडायचं आणि मरळ पकडायची. आपल्याकडे हे करणारे फार थोडे. दुर्गच्या भास्करकाकांनी बांधलेली पिल्लं मी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाहिली होती. इथल्या हरणाचा केस बाळगणं गुन्हा, म्हणून कॅनडातल्या बहिणीकडून तिथल्या दुकानातली केसांची पाकिटं मागवून मी त्यांना पाठवायचो. प्रत्यक्ष भेट मात्र ही पहिलीच.

काका रेल्वेतले निवृत्त गार्ड, घराणं मूळचं नागपूरकडचं. पद्मनाभपुरातल्या त्यांच्या घराच्या दारातच शालिनीकाकू उभ्या होत्या.

"या भाऊ. गाडीत तरास त नाही झाला?"

हातपाय धुऊन येईपर्यंत समोर फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले लांबट मुटके) आणि टोमॅटोची चटणी आली. भिंतीवर पंचविशीतल्या एका मुलाचा फोटो होता, त्याला हार घातलेला. मी पाहिला, पण काही विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर काकांनी खिडकीशी टेबल ओढलं. टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट धरून ठेवणारा छोटा शेगडा (व्हाइस) बसवलेला. त्यात गळ आवळून त्यांनी केसांची चिमूट त्यावर धरली.

"केस पोकळ असते, म्हणून बुडत नाही. दोरा आधी ढिला ठेवा. आता आवळा."

आवळताच केस ब्रशासारखे चहूबाजूंनी फुलले. काळ्या केसांवर पांढरे, पुन्हा काळे, असे थर बसवत गेल्यावर त्यांनी दाढीच्या ब्लेडने ते कातरायला घेतले. डोकं सुटं झालं, पंखांची खुरटी टोकं दिसू लागली. केशरी रबराची चोच लागली आणि पट्ट्यापट्ट्यांचं पनडुब्बीचं (टिबुकलीचं) पिल्लू तयार झालं. ते इतकं जिवंत होतं की त्यावर ओंजळ धरावीशी वाटली.

"उद्या नंदिनीच्या खाणीवर जाऊ," काका म्हणाले. काकू उठून आत गेल्या.

काका दुसऱ्या पिल्लावर ब्लेड चालवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "नितीनले गळ मीच शिकवला होता, त्याच खाणीवर. त्या दिवशी मात्र दोस्तांसंग पोहायले गेला. दोन दिवसांनी वर आला. चेहरा मासोळ्यांनी खाल्ला होता, भाऊ. मी शर्टावरून ओळखलं."

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"त्या पाण्यात एक मोठी सौल (मरळ) आहे. मले ती पाहिजे."

मरळ जिवंत, हलतं भक्ष्य धरते. बुडालेल्या माणसाला लागतात ते लहान मासे आणि खेकडे. मला हे माहीत होतं. काकांनाही असणारच.

सकाळी काकूंनी पोळीभाजीचा डबा दिला आणि मासा ठेवायला एक गोणी. मुलगा गेल्यापासून या घरात मासा शिजलेला नाही, तरी गोणी त्यांनी स्वतःच घडी घालून दिली. हथखोजच्या रस्त्यावर लोखंड भरलेल्या ट्रेलरांच्या मागे चिखलात माझ्या हातून काकांची स्कूटर घसरली. गुडघा सोलून निघाला. मागे बसलेल्या काकांनाही खरचटलं होतं, पण ते आधी पिल्लांचा डबा उघडून बघत बसले.

नंदिनी नगर मागे पडल्यावर चिखलाचा रंग पांढरा झाला. चुनखडीची ती जुनी खाण म्हणजे उभे कापलेले काठ आणि त्यात साचलेलं हिरवं पाणी. पाण्यात वाळलेली झाडं तशीच उभी. बकऱ्या राखणारा एकजण मला पाहून ओरडला, "ओती झन जावव, अब्बड़ गहिर हे!" (तिकडे जाऊ नका, फार खोल आहे.) मग त्याने माझ्यामागून येणारे काका पाहिले, मान खाली घातली आणि बकऱ्या वळवून निघून गेला.

रॉड फेकायला काकांचा खांदा आता साथ देत नाही; दरवेळी सोबत येणाराच गळ टाकतो, आज ती पाळी माझी होती. त्यांनी बोट दाखवलं. एका वाळक्या झाडापाशी पाणी तांबूस दिसत होतं, बारीक पावसाने थरथरावं तसं. ती मरळीची पिल्लं होती, शेकड्यांनी. त्यांच्या खाली आई असणार.

"काका, ही पिल्लांवर आहे. हिला नको."

"टाका."

मी टाकलं. टिबुकलीचं पिल्लू तांबूस पाण्यावर डुललं, आणि खालून पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. रॉड वाकला. बराच वेळ ओढाताण करून मी तिला काठाला आणली. काकांनी दगड उचलला. मी दुसरीकडे पाहिलं.

नंतर ते तिच्याजवळ उकिडवे बसले. जबडा उघडून आत पाहिलं, तिला उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ही नाही," ते म्हणाले.

"काका..."

"ही नाही, भाऊ. ती मोठी आहे."

पाण्यावरचा तांबूस पुंजका विस्कटला होता. झाडामागून एक खरी टिबुकली आली, बुडी मारून त्या पुंजक्यात घुसली आणि एकेक पिल्लू टिपू लागली. काका ते पाहत होते. त्यांनी मरळ गोणीत भरली नाही, तिथेच ठेवली. पोळीभाजीचा डबा आम्ही उघडलाच नाही.

परतीच्या गाडीवर मला सोडायला रिक्षातून काकू आल्या. काका घरीच शेगड्यापाशी बसले होते. फलाटावर मी सांगायला लागलो, "काकू, मी आता केस पाठवणार नाही. काकांनी तिथे जाणं बरं नाही."

"'ही नाही' म्हणाले न?"

"हो."

"दरवेळी हेच म्हणते. मी वाटच पाहून राहिली असते, की घरी येऊन तसंच म्हणावं."

"म्हणजे तुम्हाला हे चालतं?"

काकूंनी पदराने चष्मा पुसला. "सुरुवातीले ते जेवतच नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मग एक दिवस हे पिल्लाचं काम काढलं अन् उठून बसले. आता तुम्हीच सांगा, खरंच ती भेटली, त त्या दिवशी घरी येऊन ते काय करतील?"

गाडी आली. काकूंनी पिशवीभर फरा माझ्या हातात दिला.

रात्रभर बर्थवर पडून मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. दुःखात रुतलेल्या माणसाला बाहेर काढावं, असं मी आजवर बिनदिक्कत म्हणत आलो आहे. बाहेर म्हणजे कुठे, हे मला त्या रात्री सांगता आलं नसतं.

नाशिकला पोचल्याचा फोन केला. काकांनीच उचलला.

"पुन्हा कधी येता भाऊ?"

"पाऊस संपला की केस घेऊन येतो," मी म्हणालो.